ताई, तुमच्या मणक्यात ‘गॅप’ पडलेला नाही

‘‘माझं वय ४३. आम्ही कराडजवळच्या खेड्यात राहतो. दोन म्हशी आणि थोडा ऊस आहे. अडीच महिन्यांपूर्वी सकाळी वैरणीचा भारा उचलताना कमरेत उसण भरली. चार दिवसांनी कंबर मोकळी झाली, पण डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या कडेनं, नडगीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. एमआरआय काढला. मणक्यात गॅप पडलाय, गादी सरकलीय, असं सांगण्यात आलं. तेव्हापासून वाकत नाही, खाली बसत नाही, दिवसभर पट्टा बांधून पडून असते. घरातल्यांनी पायाळू माणसाचा पायही लावून घेतला. कळ आता निम्म्यानं कमी आहे, पण भीती जात नाही. शेजारीण म्हणते, ऑपरेशन केलं तर पाय लुळे पडतात. धाकट्याच्या वेळी सिझर झालं, तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलं होतं, त्यानं तर हे झालं नसेल? हा गॅप कधी भरून येईल? भाकरी करायला बसता येईल का? पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न सोलापूरला आहे, जाऊ का?’’

ताई,

पत्रासोबत रिपोर्टचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तुम्हाला तपासणं मला इथून शक्य नाही आणि मी ऑपरेशनं करणारी डॉक्टरही नाही. तीस वर्षं मेडिकल कॉलेजात मुलांना शरीररचना शिकवली, कमरेचे मणके रोज हातात घेतले, त्या जोरावर लिहिते आहे. औषधपाण्याचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण ‘गॅप’ या शब्दानं तुम्हाला अडीच महिने अंथरुणाला खिळवलंय, त्याच्याबद्दल मला बोललंच पाहिजे.

त्याआधी एक गोष्ट. लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली, म्हणजे घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकते ती जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. पत्रात यातलं काही नाही, पण घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आता गॅपकडे वळू. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहा. हाताखाली ओटीपोटाच्या हाडाची कड लागेल. तिच्यावर बोटं टेकवून दोन्ही अंगठे मागे पाठीच्या मध्यावर आणा. अंगठे भेटतात तिथे, साधारणपणे, कमरेचा चौथा मणका असतो. कमरेचे मणके पाच. रिपोर्टात त्यांना एल१ ते एल५ म्हटलंय. त्यांच्याखाली पाच मणके एकमेकांत विरघळून झालेलं त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी. रिपोर्टातलं ‘एस’ ते हेच. पाठीच्या खालच्या भागात दोन खळ्या दिसतात ना, त्या त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर येतात. आणि सगळ्यात खाली माकडहाड. म्हणजे अख्ख्या धडाचं ओझं शेवटी एल५ आणि त्रिकास्थीच्या सांध्यावर येतं, तेही उतरत्या जागेवर, कारण त्रिकास्थीचा माथा पुढच्या बाजूला कललेला असतो. कंबर इतकी का दुखते, याचं निम्मं उत्तर या उतारात आहे.

कमरेचा एक मणका हातात घेतला तर पुढचा भाग घेवड्याच्या बीसारखा दिसतो, चार-पाच सेंटिमीटर रुंद, चांगला जड ठोकळा. त्याच्या मागे हाडाची कमान, कमानीच्या आत त्रिकोणी पोकळी, आणि कमानीच्या पाठीवर एक चपटं टोक. पाठीवरून बोट फिरवताना जी टेंगळं लागतात ती याच टोकांची. दोन ठोकळ्यांच्या मध्ये साधारण एक सेंटिमीटर जाडीची चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो.

एक्स-रेमध्ये हाड पांढरं उमटतं, चकती उमटत नाही. त्यामुळे दोन मणक्यांच्या मध्ये काळी फट दिसते. ही फट तुमच्या मणक्यात आहे, माझ्या आहे, विशीतल्या पैलवानाच्याही आहे, कारण ती फट म्हणजेच चकतीची जागा. वय झालं की चकतीतलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते आणि फट अरुंद होते. डॉक्टर म्हणतात, ‘‘गॅप कमी झालाय.’’ घरी येईपर्यंत त्याचं ‘‘गॅप पडलाय’’ होतं, असा माझा अंदाज आहे. इतक्या जणांच्या तोंडून मी तो शब्द असाच ऐकलाय. पडला म्हटलं की डोळ्यांसमोर भिंतीला गेलेला तडा येतो. तसं तुमच्या पाठीत काहीही नाही. जो गॅप पडलाच नाही, तो भरून यायची वाट बघत पडून राहू नका.

‘गादी सरकली’ या शब्दानंही असाच घोटाळा केलाय. पलंगावरची गादी सरकते, कारण ती पलंगाला शिवलेली नसते. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरून वाढलेली असते. आमच्याकडे विच्छेदनाच्या टेबलावर मुलं ती सोडवायला जायची, तेव्हा सुरीची धार जायची पण चकती सुटायची नाही. मग मी ती आडवी कापून दाखवायची. बाहेरच्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक कडी, पंधरा-वीस तरी. एका कड्याचे धागे उजवीकडे तिरपे, तर पुढच्याचे डावीकडे तिरपे, बाजेच्या विणीसारखे एकमेकांना छेदणारे. आणि मध्ये गर. तरुण माणसाच्या चकतीत तो ताडगोळ्यासारखा असतो, ओला, दुधट, चकचकीत. त्याच्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. साठीतल्या माणसाच्या चकतीत तोच गर भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो, आणि गर कुठे संपतो नि कडी कुठे सुरू होते ते ओळखू येत नाही. तुमच्या रिपोर्टात चकत्या ‘कोरड्या पडलेल्या’ असं जे लिहिलंय, ते या वाटेवरचं वर्णन आहे. केस पांढरे होतात तसंच हे.

इथे मला एक आकडेवारी सांगावीशी वाटते. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र मांडले गेले. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, चाळिशीतल्या ६८ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के. चकतीचा फुगवटा चाळिशीच्या निम्म्या लोकांत होता. हे सगळे लोक ठणठणीत होते. म्हणून एमआरआयच्या कागदावरचे शब्द एकटे वाचायचे नसतात, दुखणं नेमकं कुठून कुठे जातं त्याच्याशी ताडून बघायचे असतात. तुमच्या बाबतीत तसं ताडून बघता येतं, कारण तुम्ही कळीचा रस्ता फार नेमका लिहिलाय.

मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. पण मोठ्या माणसात तो पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशीच संपतो, कारण लहानपणापासून हाडं वाढत जातात, रज्जू तेवढा वाढत नाही. त्याच्याखाली नुसत्या नसांचा जुडगा पाण्यात सोडल्यासारखा लोंबत असतो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही ‘घोड्याची शेपटी’ असाच आहे. या जुडग्यातून एकेक जोडी दर मणक्याखालून बाहेर पडते.

तुमच्या रिपोर्टात दोन गोष्टी आहेत: एल४-एल५ मधली चकती डावीकडे मागच्या बाजूला बाहेर आलेली, आणि एल५-एस१ ला थोडा फुगवटा. एल४ ची नस एल४-एल५ चकतीच्या वरूनच बाहेर निघून गेलेली असते. चकतीच्या मागून त्या वेळी जात असते ती खालच्या मणक्याकडे निघालेली एल५ ची नस. आणि एल५ चा पट्टा कुठला? मांडीची बाहेरची बाजू, नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, अंगठा. तुम्ही लिहिलाय तो रस्ता हाच. खालच्या चकतीनं एस१ ची नस दाबली असती तर कळ मांडीच्या आणि पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे गेली असती. म्हणजे दुखणारी जागा एकच आहे. खालचा फुगवटा बहुधा त्या चाळिशीतल्या निम्म्या लोकांपैकी आहे. त्याची काळजी डोक्यातून काढा.

चकती मागे पण एका कडेलाच का येते? मणक्यांच्या ठोकळ्यांच्या मागून वरपासून खालपर्यंत एक पट्ट्यासारखा बंध जातो. कमरेत येईपर्यंत तो अरुंद होतो. मध्यभाग तो धरून ठेवतो, दोन्ही कडा उघड्या राहतात. गर पापुद्र्यांतून वाट काढतो तो या कडेनं, आणि नस नेमकी तिथूनच जाते. कळ एवढी जबर असते ती फक्त दाबामुळे नव्हे. बाहेर आलेल्या गरामुळे नसेला सूजही येते.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर आलेला हा गर कुणी ढकलून परत आत बसवू शकत नाही, पण शरीर तो शोषून घेतं. रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे पोचतात आणि काही महिन्यांत तो तुकडा आक्रसतो. पुष्कळदा मोठा तुकडा छोट्यापेक्षा जास्त आक्रसतो. तुमची कळ निम्म्यावर आली आहे, ती याच वाटेनं चालली असणार.

झोपून राहण्यानं ही वाट लवकर सरते का? नेदरलँड्समध्ये तुमच्यासारखीच पायात कळ जाणाऱ्या १८३ जणांवर हे बघितलं गेलं, १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखेच, ८७ टक्के लोक सुधारले होते. पडून राहिल्यानं काही मिळालं नाही. तुम्ही अडीच महिने जे सोसलंत, त्यानं स्नायू मात्र ढिले पडलेत, आणि मला वाटतं मनही खचलंय. चकतीच्या आत रक्तवाहिन्या नसतात. तिला जे पोषण मिळतं ते वरच्या-खालच्या हाडातून झिरपून, आणि हालचालीनं होणाऱ्या दाबा-सोडीतून. तुमच्या चकतीला तुम्ही चालायला हव्या आहात.

पट्टा पाप नाही. लांब उभं राहायचं असेल तेव्हा तास-दोन तास बांधा. पण दिवसभराचा पट्टा आजपासून कमी करत जा. पोटाचे आणि पाठीचे स्नायू हाच तुमचा खरा पट्टा. सुरुवात दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं सपाट वाटेवर चालण्यानं करा. चालताना कंबर थोडी ठणकली तरी घाबरू नका. कळ पायात आणखी खाली सरकत असेल तर थांबा. पायातून वर, कमरेकडे आखडत असेल तर ते सुधारल्याचं लक्षण समजा.

पायाळू माणसाबद्दल. हा रिवाज मीही माझ्या आजोळी पाहिलाय, आणि त्यामागची माया मला कळते. नुसत्या स्नायूची उसण चार-आठ दिवसांत आपसूक उतरते, म्हणून त्या पायाला यश मिळत आलंय. पण पायात कळ जात असताना पाठीवर लाथ किंवा झटका घेऊ नका. घरी माझं नाव सांगून थांबवा. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याकडून गरम पाण्याच्या पिशवीनं पाठ शेकून घ्या, त्यानं आराम पडतोच.

सिझरच्या इंजेक्शनची शंका खूप बायका मनात घेऊन फिरतात. ती सुई मागून, दोन टेंगळांच्या मधून जाते आणि नसांच्या भोवती पाण्याची जी पिशवी असते तिच्यात थांबते. रज्जू वरच संपलेला असतो म्हणून तर ही जागा निवडतात. चकती त्या पिशवीच्याही पुढे, पोटाच्या बाजूला असते. सुई तिच्यापर्यंत जात नाही. इतक्या वर्षांनी त्या डॉक्टरांना किंवा स्वतःला दोष देऊ नका.

ऑपरेशनचं शेजारीणबाई सांगतात तसं नाही. या ऑपरेशनात अख्खी चकती काढत नाहीत, नसेवर आलेला तुकडा तेवढा काढतात. आणि एल४-एल५ ला रज्जू नसतोच, हे आता तुम्हाला माहीत आहे. धोका शून्य कुठल्याच ऑपरेशनात नसतो, पण ‘पाय लुळे पडतात’ ही भीती त्या जागेच्या रचनेला धरून नाही. मग करायचं का? नेदरलँड्समध्येच २००७ साली २८३ जणांवर ताडून पाहिलं गेलं: दीड ते तीन महिने कळ असलेल्यांपैकी काहींचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. वर्षानंतर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे होते, मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे हा बहुतेक वेळा सोसण्याचा आणि वेळेचा प्रश्न असतो. तुमची कळ उतरते आहे, मी तुमच्या जागी असते तर थांबले असते.

पण एक तपासणी आजच करा. भिंतीला हात लावून, चवडे उचलून, टाचांवर दहा पावलं चाला. मग बसून डाव्या पायाचा अंगठा वर उचला आणि मुलीला तो बोटानं खाली दाबायला सांगा. उजव्याशी तुलना करा. एल५ ची नस हेच काम करते. डावा अंगठा सहज खाली जात असेल, चप्पल पायातून निसटत असेल, पाऊल जमिनीला घासत असेल, तर थांबा म्हटलेलं विसरा आणि त्याच आठवड्यात सर्जनना दाखवा. तसंच, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर तो बरा होतो.

भारा उचलताना हे सकाळी का झालं, याचंही कारण चकतीत आहे. रात्रभर आडवं पडलं की चकती पाणी ओढून घेते आणि फुगते. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो. जर्मनीतल्या उल्म शहरात ४५ वर्षांच्या एका माणसाच्या याच एल४-एल५ चकतीत दाब मोजणारी सुई ठेवून बघितलं होतं, १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सात तासांच्या झोपेत चकतीतला दाब दुपटीहून वाढला. उभं राहताना जेवढा दाब, त्याच्या सुमारे साडेचार पट दाब कंबर वाकवून २० किलो उचलताना पडला. गुडघ्यात बसून उचलला तर साडेतीन पटीच्या आत राहिला. आणि तेवढंच ओझं छातीशी धरलं तर सव्वादोन पट. भल्या पहाटे, फुगलेल्या चकतीवर, वाकून, हात लांब करून भारा उचलणं म्हणजे सगळं एकाच वेळी.

म्हणून वाकणं बंद करू नका, वेळ बदला. उठल्यावर पहिला तासभर जड काही नको. आधी चहा, अंगणातला झाडू दुसऱ्या कुणाला, तुम्ही थोडं हिंडून घ्या. धार काढायला उकिडवं बसण्याऐवजी वीतभर उंचीचं स्टूल घ्या आणि म्हशीच्या जितकं जवळ बसता येईल तितकं बसा. वैरण तासाभरानं, एका भाऱ्याचे दोन करून, छातीशी धरून. पुढचे तीन महिने तरी मोठा भारा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्या. हे मागायला लाजू नका.

भाकरी करा. सध्या ओट्यावर गॅसजवळ परात ठेवून, उभ्यानं, एक पाय छोट्या पाटावर टेकवून. पाय टेकवला की कमरेचा बाक सैलावतो. दोन भाकऱ्या थापल्या की पाय बदला. चुलीपुढे बसायचं ते पायातली कळ पूर्ण गेल्यावर, तेही पाटावर आणि आधी दोन-चार भाकऱ्यांपुरतं.

आणि लग्नाला जा. एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट घेऊ नका, गचके तिथेच जास्त बसतात. कमरेच्या खोलगट जागेत टॉवेलची गुंडाळी ठेवा. गाडी जिथे थांबेल त्या प्रत्येक स्टँडवर उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. पोचल्यावर ताट वाढायला वाकू नका, ते काम पोरींना सांगा. पण मांडवात हिंडा, आणि अक्षता उभ्यानं टाका.